फक्कीचं घर

गावाच्या जागेवर झालेल्या विमानतळावरून पहिलं विमान उडालं त्या दिवशी अख्खी कॉलनी गच्चीवर चढली होती. शिट्ट्या, मोबाईल, पेढे, काही विचारू नका. मालू तेवढी खाली स्वयंपाकघरात जवळा निवडत बसली होती. करंज्याहून आणलेला सुका जवळा, त्यात रेती फार. नवरा वरून ओरडला, अगं ये गं, आपल्या घरावरून चाललंय! मालूने एक खडा उचलून बाजूला टाकला. घरावरून कसलं जातंय, घर तर त्याच्या चाकाखाली गेलं. हेसुद्धा ती रागाने म्हणाली नाही. नुसतं मनात आलं आणि गेलं, मग तिने जवळा चाळणीत घेतला.

गाव सोडल्यापासून तिचं हे असंच चाललं होतं. काही वाटायचंच नाही. तव्याचा चटका बसला तर बोट लाल दिसल्यावर कळायचं. मुलगा दिपेश रोडपालीला फ्लॅटमध्ये राहतो, तिथे नातवाच्या वाढदिवसाला तिला केक भरवला, तो गोड होता की कसा ते तिला सांगता आलं नसतं. शिवाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिला पनवेलच्या डॉक्टरकडे नेलं. शुगर बघितली, बीपी बघितलं, डोक्याचा फोटो काढला. सगळं नॉर्मल. नॉर्मल म्हटल्यावर पुढे काय बोलणार, कप्पाळ? शिवाचं निदान डॉक्टरपेक्षा सोपं होतं. तो म्हणायचा, बायकोला सुख बोचतंय.

सुखाला काही कमी नव्हतं, हे खरं. गावाच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर शिवाने तीन मजली बंगला उठवला होता. फाटकावर दोन सिंह, दोघांना सोनेरी रंग. गच्चीच्या कठड्याला कमळं. खालचा हॉल एवढा मोठा की सोफ्यावरच्या माणसाला समोरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागे. आपल्याकडे एकाने सिंह बसवले की शेजारच्याला हत्ती बसवावेच लागतात, नाहीतर रात्रीची झोप उडते. मालू त्या सगळ्या घरातलं फक्त स्वयंपाकघर आणि त्याच्या मागची बारकी खोली वापरायची. वरच्या मजल्यावर ती सणासुदीला झाडायला जायची, पाहुण्याच्या घरात जावं तशी.

अशात तिच्या पुतणीचं, दिपिकाचं लग्न ठरलं. मुलगा गव्हाणचा.

दिपिका ही धाकट्या दिराची, भगवानची मुलगी. भगवान आणि त्याची बायको शकू याच वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला राहतात, मधे मोठा रस्ता आणि क्रिकेटचं ग्राउंड. लग्नाचं निमंत्रण शिवाच्या मोबाईलवर आलं. वर गणपती, खाली फुलं, मधे नावं, आणि त्याच्याखाली 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे'. ज्या बाईने दिपिकाला जन्मानंतरची पहिली आंघोळ घातली, कारण आईला एवढंसं पोर हातात धरायची भीती वाटत होती, त्या बाईला निमंत्रण मोबाईलवर! कुणी दाराशी आलं नाही, कुणी हातावर सुपारी ठेवली नाही. शिवाने ते चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवलं. मालू म्हणाली, बरं.

पण त्यांच्या घरात एक रीत होती. हळदीच्या दिवशी नवऱ्याला किंवा नवरीला न्हाऊ घालायचं तर पाण्याचा पहिला हंडा घरातल्या थोरल्या जावेने आणायचा. मालूच्या लग्नात तिच्या चुलत सासूने आणला होता, दिपेशच्या हळदीला चुलत घराण्यातली थोरली आली होती. दिपिकाचा हंडा म्हणजे मालूचा हंडा, यात कुणाला विचारायचं काही नव्हतं. आणि दोन दिवसांनी शिवानेच जेवता जेवता सांगितलं की शकू आपल्या करंज्याच्या बहिणीला बोलावून घेणार आहे, हंडा ती आणणार. मालू म्हणाली, बरं. मग उठून तिने नळाखाली कळशी लावली आणि कळशी भरून वाहायला लागली तरी ती तिथेच उभी राहिली. तो हंडा तिला हवा होता. दुसरं कशाचंच तिला काही वाटत नव्हतं. हंड्याचं मात्र वाटत होतं, आणि ते कुणाला सांगायचं हे तिला समजत नव्हतं.

आता शकूचं आणि तिचं बिनसलं कशावरून, ते आधी सांगायला हवं. भांडण म्हणाल तर झालंच नाही. झाली ती भिंत.

खाडीकाठच्या त्या गावात दोघा भावांचं एकच कौलारू घर होतं. पुढे ओटी, मग लांबलचक माजघर, मागे चूल, चुलीच्या डाव्या अंगाला पाण्याचा रांजण अर्धा जमिनीत पुरलेला. दार इतकं बुटकं की आत शिरताना मोठ्या माणसाने वाकायचंच. सासू लवकर गेली, तेव्हा घर दोघी जावांवर आलं. मालू भाकऱ्या थापायची, शकू कालवण करायची. शकूच्या हाताला चव होती आणि मालूच्या हाताला वेग होता, दोघींना एकमेकींचं माहीत होतं. रांजण मात्र मालूचा. उजाडायच्या आत विहिरीवर जाऊन तो भरायचा, हे काम तिने कधी कुणाला दिलं नाही. शकू बाळंतीण असो, आजारी असो की धडधाकट असो, त्या घरात तिने जन्मभर मालूच्या हातचं पाणी प्यायलं.

मग विमानतळासाठी घरांची मोजणी येणार असं ठरलं आणि गावात एकच बोलणं सुरू झालं. जितक्या चुली तितके प्लॉट. खरं काय खोटं काय, कुणी कागद बघितला नव्हता, पण पारावर बसलेला प्रत्येक जण वकील झाला होता. रातोरात सख्खे भाऊ वेगळे व्हायला लागले. बाप मुलापासून वेगळा राहायला लागला. कुणी गोठ्यात चूल मांडली, एका शहाण्याने तर बायकोपासूनच वेगळा संसार दाखवला. शिवा आणि भगवानने रीतसर सिमेंटचे ब्लॉक आणले आणि दोघांनी मिळून, हसत खिदळत, एकमेकांना तंबाखू देत, माजघराच्या मधोमध भिंत घातली. घर सगळं मातीचं, ही एक भिंत तेवढी सिमेंटची. ती आढ्यापर्यंत नेली नाही, कारण ब्लॉक संपले. मागच्या बाजूला शकूसाठी दुसरी चूल मांडली, पुढे तिच्यापुरतं दुसरं दार पाडलं, तेही तेवढंच बुटकं. रांजण मालूच्या भागात आला. शकूने चूल बघितली आणि हसून म्हणाली, वयनी, आता मना भाकऱ्या पन थापाव्या लागतील की गं.

मोजणीवाला साहेब आला तो शेजारचं घर आटोपून. शेजारच्या घरात साहेबाने भाताचं पातेलं बघितलं होतं, एवढं मोठं पातेलं दोन माणसांना कशाला असं विचारलं होतं, आणि त्या बिचाऱ्यांची दुसरी चूल खोडली होती. शिवाने मालूला पढवून ठेवलं होतं की विचारलं तर वेगळे राहतो म्हणायचं, जास्त बोलायचं नाही. पण साहेब ओटीवर उभा राहिला, त्याने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, म्हणाला, बाई, खरंच वेगळे जेवता का? आणि मालूला वाटलं, याचा विश्वास बसत नाही. आता प्लॉट जाणार, शकूचाच जाणार. मग ती बोलली.

"अवो सायेब, एका कौलाखाली ऱ्हातो म्हनून एक समजू नका आमाला. तिचं नि माजं पटत नाय. तिच्या हातचं पानी बी मी पीत नाय."

साहेब हसला, म्हणाला, बायकांचं हे सगळीकडे सारखंच, आणि त्याने लिहून घेतलं. काम झालं. फक्त भिंतीच्या वरून पलीकडचा आवाज येत होता, कालवण ढवळायच्या पळीचा, तो थांबला. थोड्या वेळाने परत सुरू झाला. मालूला ते ऐकू आलं होतं. ती आत गेली, भाकऱ्यांचं पीठ मळायला घेतलं, आणि तिच्या मनात आलं की शकूला नंतर सांगू, कशी थाप मारली बघ, दोघी हसू.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकू हंडा घेऊन विहिरीवर आली. स्वतःचं पाणी स्वतः भरलं, मालूकडे बघून मान हलवली आणि गेली. मालूला वाटलं, सोंग पुरतं वठवतेय, शहाणी आहे. तिसऱ्या दिवशीही तेच. मग मोजणी संपली, साहेब गेला, भिंत पाडायची तर फेरतपासणी होईपर्यंत थांबू असं दोघे भाऊ म्हणाले. भिंत राहिली. शकू आपलं पाणी भरत राहिली. मालूने कितीदा तरी तोंड उघडलं असेल, पण बोलायचं काय? अगं मी खोटं बोलले? ते खोटं होतं हे दोघींनाही ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट सांगायची कशी, आणि तिची माफी तरी कशी मागायची? भांडण झालं असतं तर चार बायका मधे पडल्या असत्या. इथे भांडणच नव्हतं. असं करता करता वर्षं गेली, सोडत निघाली, दोघांचे प्लॉट वसाहतीच्या दोन टोकांना लागले.

घर पाडलं तेव्हा कौलं उतरवली, वासे काढले, मातीच्या भिंती जेसीबीने नुसतं टेकल्यावर बसल्या. ती सिमेंटची भिंत तेवढी उभी राहिली, एकटीच, आजूबाजूला काही नसताना. जेसीबीवाल्याने दोनदा धडक दिली तेव्हा पडली. शकू टेम्पोत बसून बघत होती. मालूही बघत होती, तिच्या हातात देवाचे टाक होते, आणि तिला रडू आलं नाही. तेव्हापासूनच ते सुरू झालं असावं.

पुरुषांचं बरं असतं. शिवा आणि भगवान पुढच्याच मोसमात क्रिकेटच्या ग्राउंडवर मांडीला मांडी लावून बसायला लागले. शिवा तिथला मानाचा माणूस. फक्की मारावी तर त्याने, ती ग्राउंडवर रेषा आखायची पांढरी पूड हो. डब्यातून अशी सोडायचा की रेष सुतासारखी यायची. शिवाच्या फक्कीशिवाय त्या ग्राउंडवर मॅच सुरू होत नसे. आणि या फक्कीपायीच प्राची त्यांच्याकडे आली.

प्राची नवीन पनवेलची, आर्किटेक्ट झालेली, गोड पण घाईघाईने बोलणारी मुलगी. तिला एक छोटा सिनेमा करायचा होता. गोष्ट नाही, गाणी नाहीत, कुणी एक शब्द बोलायचा नाही. गेलेल्या गावातलं एक घर मोकळ्या जमिनीवर खऱ्या मापाने आखायचं आणि त्या घरातल्या माणसांनी त्या रेषांमधे जसं वावरत होती तसं वावरायचं. भांडी नाहीत, दारं नाहीत, फक्त माणसं. शिवाने विचारलं, मग लोक बघणार काय? प्राची म्हणाली, जागा बघणार. शिवाला ते पटलं नाही, पण फक्की मारायची म्हटल्यावर त्याची छाती फुगली. सिनेमात हिरोईन कोण विचारलं तर म्हणाला, आमची म्हातारी.

मालूने ना म्हटलं नाही. हो म्हणायलाही काही लागलं नाही.

प्राचीने सांगितलं होतं की घर शेवटच्या दिवशी जसं होतं तसं काढा. मालू चहा गाळत होती. तिने विचारलं, भिंत पण? शिवा म्हणाला, होती ती काढायलाच पाहिजे. मग प्राचीच्या लक्षात आलं की भिंतीपलीकडे अजून अर्धं घर आहे आणि तिथली माणसं वेगळी. या पोरीला मागचं पुढचं काही माहीत नाही, ती स्कूटर काढून सरळ शकूकडे गेली. शकूने तिला सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि एकच अट घातली, की मी येईन पण मला कुणाशी बोलायला लावायचं नाही. प्राची खूश झाली. तिला तर तेच हवं होतं. परत येऊन तिने कौतुकाने मालूला सांगितलं की त्या काकूंना सिनेमा बरोबर कळलाय.

शूटिंग सकाळी उन्हं कोवळी असताना ठेवलं, कारण नंतर पोरांची मॅच होती. शिवा अंधारातच डबा घेऊन गेला होता. मालू पोचली तेव्हा ग्राउंडच्या मधोमध घर पडलेलं होतं, म्हणजे पांढऱ्या रेषांनी पसरलेलं. ओटी, माजघर, दोन चुली, रांजणाचा गोल. मधली भिंत शिवाने जाडजूड, दोनदा फक्की टाकून काढली होती. मालूला ते घर फारच लहान वाटलं. एवढ्याशा जागेत आपण इतकी माणसं कुठे मावत होतो, असं तिला वाटलं, आणि तिथेच ते वाटणं थांबलं.

शकू आली ती भगवानच्या स्कूटरवरून. गाव सोडल्यापासून मालूने तिला जवळून बघितलं नव्हतं, ते आता बघितलं. केस पांढरे झाले होते, कानातली भोकं ओघळली होती. शकूने तिच्याकडे बघून मान हलवली, विहिरीवर हलवायची तशीच, आणि ती आपल्या अर्ध्या घरात जाऊन चुलीच्या जागी पाठ करून बसली. बरोबरच होतं, तिची चूल त्याच तोंडाला होती.

शैलेश म्हणून एक आवाज घेणारा होता, कानाला मोठे हेडफोन लावलेला. सुरुवातीला तो म्हणाला, सगळ्यांनी गप्प उभं राहा, मला जागेचा आवाज घ्यायचाय. सगळे उभे राहिले. रस्त्यावर एक ट्रेलर गेला, लांब कुठेतरी मिक्सर फिरत होता, वरून एक विमान गेलं. शिवा दबक्या आवाजात भगवानला म्हणाला, आपल्या गावात कसले आवाज व्हते नि हा काय घेतोय. शैलेशने हात वर केला तसे दोघे गप्प बसले.

मग प्राची म्हणाली, "काकू, सकाळी उठल्यावर जे करायचात ते करा. कॅमेऱ्याकडे बघू नका."

मालू ओटीवरून आत शिरली आणि शिरताना वाकली. वर काही नव्हतं, मोकळं आभाळ होतं, पण ती वाकली. प्राचीने तोंडावर हात ठेवला. मालूने रांजणाशी जाऊन हंडा ओतला, राख सावडली, चूल पेटवली, फुंकर घातली. अंग आपोआप चाललं होतं. पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली, आणि कालवण झालं का बघायला ती उठून चालू लागली, सरळ, जाड पांढऱ्या रेषेवरून पलीकडे.

"कट, कट. काकू, तिथे भिंत आहे."

मालू खाली बघून मागे झाली. पुन्हा सगळं पहिल्यापासून. वाकणं, रांजण, राख, चूल, भाकरी. आणि पुन्हा तिचे पाय रेषेवरून पलीकडे गेले. भिंत होती ती शेवटची काही वर्षं, पायांना त्याच्या आधीचं आयुष्य पाठ होतं. कडेला उभा शिवा म्हणाला, अगं आंधळी का काय, एवढी जाड काढलीय! शकू पाठ करून बसली होती तशीच बसून राहिली, फक्त तिचा पळीचा हात थांबला. आवाज नव्हता, पळीही नव्हती, पण मालूला तो थांबलेला दिसला.

तिसऱ्या वेळी मालूने भाकरी तव्यावर टाकली, उठली, आणि रेषेशी येऊन उभी राहिली. पायाची बोटं रेषेला लागलेली. पलीकडे शकूची पाठ, हात लांबवला तर लागेल अशी. कॅमेरा चालू होता. प्राचीला वाटलं काकूंना आता जमलं. मालूला छातीत काहीतरी जड झालं, आणि तिला ते इतक्या दिवसांनी झालं की आधी ती घाबरली. शब्द नाही बोलायचा हे तिला नीट सांगितलं होतं. तरी ती बोलली.

"शकू, पानी दे."

प्राचीने कट म्हणायला तोंड उघडलं, पण शैलेशने हाताने तिला थांबवलं.

शकूने नसलेली पळी खाली ठेवली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली. तिच्या भागात पाणी कुठलं? रांजण तर भिंतीच्या अलीकडे, मालूच्या घरात. तो पांढरा गोल मालूच्या मागेच होता. शकूने रेष ओलांडली नाही. ती आपल्या माजघराच्या दाराशी वाकली, ओटीवर आली, अंगणात उतरली, वळसा घालून मालूच्या दाराशी आली, तिथे वाकली, आत आली. गोलाजवळ बसून तिने झाकण बाजूला ठेवलं, हात खोल घातला, आणि भरलेला पेला धरावा तसा हात धरून मालूसमोर उभी राहिली. हात रिकामा होता, पण सांडू नये म्हणून तिने दुसरा हात खाली धरला होता.

"पी," शकू म्हणाली. "आनि आता सांग जाऊन तुज्या सायबाला."

मालूने त्या हाताला दोन्ही हात लावले. "खोटं सांगितलं व्हतं मी."

"माहीत व्हतं मना," शकू म्हणाली. "खरं असतं तर भांडले असते तुज्याशी. झिंज्या उपटल्या असत्या. खोटं व्हतं, आनि तू असं बोललीस की मनाच खरं वाटलं."

प्लॉट जाईल म्हणून बोलले, तुझा जाईल म्हणून बोलले, हे सगळं मालूच्या जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं. तिने शकूचा हात तोंडाशी नेला आणि प्यायली, हळूहळू, घोट मोजावा तशी, सगळं संपेपर्यंत. शकू तिच्या गळ्याकडे बघत उभी होती. मालू रडत होती की काय ते तिचं तिलाही कळलं नाही, पण शकूचं मनगट ओलं झालं.

शकूने हात झटकला, पदराला पुसला आणि निघाली. आता मात्र ती दाराकडे गेली नाही. सरळ चालत भिंतीच्या रेषेवरून पलीकडे गेली, फक्कीत तिच्या चपलेचा ठसा उमटला, आणि तशीच भगवानच्या स्कूटरकडे. मागे न बघता, कुणाला तरी सामान आणायला सांगावं अशा आवाजात ती म्हणाली, "हळदीच्या सकाळी लवकर ये, वयनी. हंडा तुजा हाय. ताईला सांगते मी."

भगवानने शिवाकडे बघितलं, शिवाने आपल्या डब्याकडे. प्राचीचा चेहरा पडला होता, तिच्या बिनशब्दांच्या सिनेमात एवढे शब्द घुसले होते. ती शैलेशला विचारत होती की हे आपण काढून टाकू शकतो ना. शैलेशने हेडफोन काढून गळ्यात अडकवले आणि म्हणाला, काढता येईल, पण मी काढणार नाही.

पोरं स्टंप घेऊन यायला लागली होती. शिवा कडेने फिरून आला आणि मालूला म्हणाला, झालं ना तुमचं, पुसू का आता? ती चुलीच्या जागी बसली होती, उन्हात, दोन्ही हात मांडीवर. तिने त्याच्याकडे बघितलं. घसा कोरडा पडला होता, जीभ टाळूला चिकटत होती, आणि तिला ते नीट कळत होतं. तिला तहान लागली होती.

"पुसा," ती म्हणाली. "आनि पानी आना आदी."